आते मना नंबर

आईच्या हातात खडू आला तो आधी कापडावर खुणा करायला. पाचोऱ्याला कृष्णापुरीत आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं शिलाई मशीन. ब्लाउज, परकर, लहान मुलींचे फ्रॉक, साडीचे फॉल, असं काम घरबसल्या येई. १९९४च्या पावसाळ्यात त्याच चपट्या निळ्या खडूनं ती मशीनच्या फळीवर बीजगणित सोडवत होती. एकसामयिक समीकरणं. एक ओळ लिहायची, पायडल मारून एक शिवण पुरी करायची, मग पुढची ओळ. चुकलं की चिंधीनं पुसायचं. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका फळीवरच्या आकड्यांकडे बघून विचारत, ‘हे कोणाचं माप?’ आई म्हणे, ‘माझंच.’ तिला तेव्हा छत्तिसावं चालू होतं.

तिचं माहेर भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर भडगावला जायचं, आणि तिच्या वडिलांनी तेही कबूल केलं होतं. पण सातवी झाली ते साल १९७२चं. पाऊस आलाच नाही. दुष्काळी कामं निघाली आणि सगळं घर पाझर तलावाच्या मातीवर गेलं. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर दप्तराऐवजी पाटी आली. हजेरीपटावर बाकीचे अंगठे उठवत, आई सही करी. त्या सहीमुळे मुकादम तिला दिवसाच्या शेवटी माणसं मोजायला बसवायचा, आणि तेवढा अर्धा तास माती चुकायची, हे ती आम्हाला मोठ्या आनंदानं सांगायची. १९७४ला लग्न झालं. सोळा वर्षांची सून पाचोऱ्याला आली.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, जिनिंगमध्ये काट्यावर होते. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत कापसाचा हंगाम. एकाधिकार खरेदीचे ते दिवस. बैलगाड्यांच्या रांगा भडगाव रोडवर दूरपर्यंत लागत, शेतकरी गाडीखालीच झोपत, आणि अप्पा मध्यरात्रीनंतर घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांना रुई चिकटलेली असे. हंगाम संपला की काम संपलं. मग चार-सहा महिने घर चालवायचं ते मशीननं. बारा महिने मिळणारा पैसा तोच. तो आईच्या पायातून यायचा.

तिनं आमच्यासाठी काय काय केलं त्याची यादी मी देणार नाही. खानदेशातल्या कुठल्याही घरात ती यादी तशीच निघेल. चैत्रात बिबडे-कुरडया, पहाटे चारला चूल, कळण्याची भाकरी नि मिरचीचा ठेचा डब्यात, गणवेशाला आतून सोडलेली दोन बोटं कापड. एक गोष्ट मात्र तिची स्वतःची होती. मी पाचवीत गेले तेव्हापासून, मी शाळेत असताना ती माझी आदल्या वर्षाची पुस्तकं काढून वाचायची, आणि चालू वर्षाचा उद्याचा धडा आज रात्री, आम्ही झोपल्यावर. एक धडा पुढे राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्यामुळे मी घरी आले की ‘आज काय शिकवलं?’ असा मोघम प्रश्न ती विचारत नसे. ‘वाऱ्याची दिशा ऋतूप्रमाणे का बदलते?’ असं थेट विचारी. मला वाटे, आईला सगळं येतं. आठवीपर्यंत तसं वाटत राहिलं. मग इंग्रजी अवघड होत गेलं आणि ती मागे पडली, तसं तिनं मोकळेपणानं सांगितलं: ‘हे मला येत नाही, तू मला शिकव.’ रात्री मी तिला काळ शिकवत असे, आणि ती मटकी निवडत ऐकत असे.

१९९२ला मी दहावी झाले. धाकटा भाऊ तेव्हा आठवीत. पेढे वाटून झाल्यावर, अप्पा, आजी आणि आम्ही दोघं जेवायला बसलेलो असताना आई तिच्या माहेरच्या अहिराणीत म्हणाली, ‘आते मना नंबर.’ आता माझी पाळी. घरात ती सहसा आमच्यासारखंच बोलायची, पण मनातलं खरं काही असलं की अहिराणी बाहेर यायची. अप्पा हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘फी किती?’

सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती तिला आधीच होती. तिच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या एका शिक्षिकेनं सांगितलं होतं की शाळेत न जाता, बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी सातवीचा दाखला हवा होता. अप्पा एका सुट्टीत तिच्या माहेरच्या शाळेत गेले. जुन्या रजिस्टरात तिचं नाव सापडलं, जन्मतारीख सापडली आणि शाळा सोडल्याचं कारणही सापडलं: ‘कामानिमित्त’. तो दाखला आईनं बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, ‘बरोबर लिहिलंय.’

आजीला हे अजिबात पटलं नव्हतं. ‘आते या वयमा शाळा शिकीसन काय करशी?’ असं ती उठता-बसता म्हणे. वाड्यातल्या बायकांसमोर म्हणे, पाहुण्यांसमोरही म्हणे. आई उलट बोलली नाही, आणि पुस्तकही मिटलं नाही. हा विरोध मिटला तो एका कागदानं, आणि ती हकिगत नीट सांगायला हवी.

आजोबांची नगरदेवळ्याकडे थोडी कोरडवाहू जमीन होती. ते गेल्यावर ती कोणाच्या नावावर कशी आहे हे आजीनं कधी पाहिलं नव्हतं, पाहता येत नव्हतं. एक दिवस भाऊबंदांपैकी दोघं सातबारा नि एक लिहिलेला कागद घेऊन आले. विकायचं चाललंय, अंगठा लागेल, बाकी सगळं ठरलंय. अप्पा जिनिंगवर. आजीनं पाहुण्यांना चहा दिला, आणि तो सातबारा आत आणून आईच्या पुढ्यात ठेवला. ‘वाच बरं, काय लिखेल शे.’

आईनं मशीन थांबवलं. सातबारा तिनंही पहिल्यांदाच पाहिला होता. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बोट ठेवत तिनं तो वाचला. गट नंबर, क्षेत्र, आकार, पोटखराबा. खातेदार म्हणून मुलांची नावं होती. आजीचं नाव तिथं नव्हतं. ते होतं उजवीकडच्या रकान्यात, ‘इतर अधिकार’ या मथळ्याखाली. असंख्य विधवांची नावं त्या रकान्यात पडून असतात. नाव आहे म्हणून बाई निश्चिंत असते, आणि मालकांच्या यादीत ती नसतेच. वास्तविक १९५६च्या वारसा कायद्यानं विधवेला मुलांच्या बरोबरीनं वाटा आहे. आईला तेव्हा कायदा माहीत नव्हता. तिला एवढंच दिसलं की दोन रकाने वेगळे आहेत, आणि वेगळे आहेत म्हणजे त्यांचा अर्थ वेगळा असणार. ती बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, ‘आज अंगठा नाही लागणार. आम्ही विचारून येतो.’

मग अर्ज, तलाठी, तहसील असं करत करत बराच काळ गेला, पण आजीचं नाव खातेदारांत आलं. फेरफाराचा उतारा आजीनं देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवला. त्यानंतर आई अभ्यासाला बसली की आजी दाराशी बसून राही, आणि कोणी गिऱ्हाईक आलं तर त्यालाच विचारी, ‘काय काम शे? ती वाची ऱ्हायनी.’

दहावीच्या परीक्षेत इंग्रजीनं तिला अडवलं. बाकी विषय पहिल्या झटक्यात सुटले, गणितसुद्धा. इंग्रजी मार्चला राहिलं, ऑक्टोबरला राहिलं. तिनं मग पुस्तक बाजूला ठेवून दुसरा रस्ता धरला. औषधांच्या पट्ट्या, साबणाची वेष्टनं, दुकानांच्या पाट्या, रेल्वे स्टेशनवरच्या सूचना, जे जे इंग्रजीत दिसेल ते वहीत उतरवायचं, आणि रात्री मला विचारायचं. शब्द आधी, व्याकरण मागून. पुढच्या वर्षी ती पास झाली. १९९८ला बारावी कला.

२०००-०१च्या सुमाराला राज्यात वस्तीशाळा निघाल्या. तांडे, पाडे, शेतातल्या वस्त्या, जिथून गावची शाळा लांब पडते, तिथं ग्रामशिक्षण समितीनं शिकलेलं कोणी माणूस नेमायचं आणि पहिली ते चौथीचे वर्ग चालवायचे. पद होतं ‘स्वयंसेवक’, मानधन महिन्याला एक हजार रुपये. अजिंठ्याच्या डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका बंजारा तांड्यावर बारावी झालेलं कोणी नव्हतं. तिथली एक बाई पाचोऱ्याला आईकडे कपडे शिवायला टाकत असे. तिनं विचारलं. आई त्रेचाळीस वर्षांची होती. माझं लग्न झालं होतं, भाऊ आयटीआय करत होता. मशीनवर त्याहून जास्त मिळत होतं. ती गेली.

जायचं पीजेनं. पाचोरा-जामनेर, पहिलं महायुद्ध संपता संपता सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरची छप्पन्न किलोमीटरची गाडी. खेड्यातल्या माणसांची ती खरी गाडी होती. दुधाच्या बरण्या, शेळ्या, वरखेडीच्या बाजाराला निघालेली माणसं, परीक्षेला चाललेली पोरं. आई वरखेडीला उतरायची. पुढं काळी-पिवळी जीप मिळाली तर तिनं, नाही तर पायी. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, हजेरी, आणि कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं. २०२०च्या टाळेबंदीत पीजे थांबली ती त्या रुळांवर पुन्हा धावली नाही. आता तिथं ब्रॉडगेज होणार आहे. आईनं तिच्या डब्यात बसून किती वह्या तपासल्या असतील! गाडी हलायची, म्हणून त्या वह्यांवरचे तिचे शेरे वाकडेतिकडे आहेत.

शाळा भरायची सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर, नि ऊन फिरलं की निंबाच्या सावलीत. पहिल्या दिवसांत पोरं बोलतच नव्हती. घरी गोरमाटी, पुस्तकात प्रमाण मराठी, आणि बाई अहिराणी वळणाची. आईनं पुस्तक उघडलंच नाही. ओट्याच्या कडेला एक म्हातारी फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, कवड्या लावत बसलेली असे. आई तिच्याजवळ जाऊन बसली. शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईचा टाका दिसला की राहवत नाही. ‘हा टाका कसा घालता?’ म्हातारी दाखवू लागली, आई चुकू लागली, आणि पोरं हसत हसत जवळ आली. बाईंना आपली आजी शिकवते आहे, हे त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनीही शिकवायला सुरुवात केली. एका ओळीत कवड्या किती? मधे आरसे किती? पाच कवड्यांनंतर एक आरसा, तर काठ पुरा व्हायला आरसे किती लागतील? तिथून बेरीज निघाली, पाढे निघाले. चिंध्यांच्या गाठोड्यातून अक्षरं कापून काढली ती पाठीमागून शिवून टिकाऊ केली. ‘याडी’ आणि ‘आई’ ही दोन कापडं दोरीवर शेजारी शेजारी टांगलेली असत.

मी एकदा माझ्या लहान मुलीला घेऊन तिथं गेले होते. एका मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नव्हती. आई त्याच्यासमोर मांडी घालून बसली. ‘कुठं अडलं?’ तो गप्प. ‘शेवटचं बरोबर आलं ते कुठपर्यंत?’ त्यानं बोट ठेवलं. ‘मग तिथंच बसू.’ आणि ती खरंच तिथं बसून राहिली. पुढची पायरी सांगितली नाही, घाईही केली नाही. मशीनच्या फळीवर ती स्वतः अशीच एका ओळीशी थांबत असे, ते मी पाहिलं होतं. ज्याला सगळं वेळेवर आलं त्याला ‘हे पोरगं मागे आहे’ असं चटकन दिसतं. आईला कोणी मागे दिसतच नसे. उशिरा येणं म्हणजे काय हे तिला अंगानं माहीत होतं, आणि माझ्या मते तिच्या शिकवण्याचं सगळं बळ तिथून आलं होतं. तिचा प्रेमळपणा म्हणून लोक त्याचं कौतुक करत. प्रेमळ ती होतीच, पण मला ते तिचं ज्ञान वाटतं.

तांड्याची खरी अडचण होती ऊस. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कारखान्यांकडे निघत. नवरा-बायकोचा एक कोयता. मागे सांभाळायला कोणी नसलं की पोरं बरोबर. चैत्रात परत येत तोवर अक्षरं पुसलेली. अकरा वर्षांचा एक मुलगा असा परतला तेव्हा निंबाच्या खोडामागे उभा राही. त्याची धाकटी बहीण आजीजवळ राहिली होती आणि आता त्याच्यापेक्षा चांगलं वाचत होती. आईनं त्याला पुढं ओढलं नाही. तिनं त्या वर्षीपासून एक वेगळी वही केली. ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला काय येतं ते त्याच्यासमोर वहीत लिहायचं: ‘जोडाक्षरं वाचतो. र्‍याशी अडतो. तीनचा पाढा येतो, सातचा अर्धा.’ परत आला की त्याच ओळीपासून सुरू. त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावायची नाही.

आणि पोस्टकार्डं. निघताना प्रत्येकाच्या हाती तिनं पाचोऱ्याच्या घरचा पत्ता लिहिलेली दोन-दोन कार्डं दिली. एक ओळ लिहून टाकायची, बस. सगळी आली नाहीत. पण पौष-माघात आमच्या दारात कार्डं पडायला लागली. ‘बाई इथं थंडी लई हाय. मी बैलाले पानी पाजतो.’ ‘बाई मले ताप आलता आता बरा हाय.’ ‘बाई आमची गाडी पलटी झाली पन कोनाले लागलं नाही.’ ही कार्डं तिनं लाल पेनानं तपासली नाहीत. जपून ठेवली. पोरगं परत आलं की त्याचंच कार्ड त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, आणि ते स्वतःच म्हणे, ‘बाई, इथं चुकलं.’ कार्डांचा तो गठ्ठा माझ्याकडे आहे. कुठल्या कारखान्याच्या कुठल्या खोपटीतून काय लिहून आलं ते वाचताना माझा गळा अजून दाटून येतो. खोडामागे उभं राहणाऱ्या त्या मुलाचं कार्ड तिसऱ्या वर्षी आलं. त्यात त्यानं सातचा पाढा पूर्ण लिहिला होता, बाकी एक शब्द नाही.

मानधन दोन-तीन महिन्यांचं एकदम येई, कधी त्याहून उशिरा. रात्री मशीन चालूच होतं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा अप्पा भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकऱ्या नकाशासारख्या, पण आजीनं तक्रार केली नाही. नातेवाइकांत बोलणं झालं की हजार रुपयांसाठी बाई डोंगरात जाते, म्हातारी घरी पडलेली. आई संध्याकाळच्या गाडीनं आली की आधी आजीचे पाय चेपायची, मग चूल. आजी तिला दिवसभराचं विचारायची, आणि कोणतं पोरगं काय म्हणालं ते ऐकल्याशिवाय झोपायची नाही.

पुढं वस्तीशाळांच्या शिक्षकांना पत्रद्वारा डी.एड. करायला मिळालं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आई सुट्टीतल्या संपर्क वर्गांना जाऊन बसू लागली. तिथं तिला अनुताई वाघ भेटल्या, पुस्तकातून. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक. मग ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी, कोसबाड. आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए. आईनं त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचलं आणि पुढचा महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. त्यातली कुरणशाळा तिला फार आवडली. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची. तांड्यावरच्या शेळ्या राखणाऱ्या मुली दुपारी येत नसत, म्हणून आई दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागली. टेकाडावर शेळ्या चरताहेत, खाली दगडावर कोळशानं लिहिलेले शब्द. एक शेळी पळाली की एकजण उठणार, बाकीच्यांचं वाचन चालू. २०१०मध्ये तिनं नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि २०१३ला बी.ए. झाली. ‘अनुताईंपेक्षा चार वर्षं उशीर,’ म्हणाली, आणि पदवीच्या कागदाला तिनं स्वतः कापडाची पिशवी शिवली.

हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवल्यांबद्दलही तिनं त्याच काळात वाचलं. विसाव्या वर्षी विधवा, पदरात मुलगा. सव्विशीच्या आसपास अक्षरओळख, नि पुढं महर्षी कर्व्यांच्या संस्थेचं काम करत अमेरिकेपर्यंत. आईला या बायकांची थोरवी सांगत बसण्यात रस नव्हता. त्यांनी घर आणि शाळा यांची वेळ कशी लावली, स्वयंपाक कोण करायचं, पैसे कुठून आले, हे ती शोधत असे. पुस्तकात ते सापडलं नाही की वैतागायची.

‘श्यामची आई’बद्दल ती जे म्हणाली ते मी कधी विसरणार नाही. साने गुरुजी आम्हाला आमचे. १९२४ ते ३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, अमळनेर इथून काही फार लांब नाही, आणि खानदेशातल्या घरांत ते पुस्तक देवघरातल्या पोथीसारखं असतं. आईचंही ते आवडतं पुस्तक. मशीनवर बसून वाचताना डोळे पुसायची. पण एकदा पुस्तक मिटून म्हणाली, ‘एवढी शहाणी बाई. तिला कोणी शाळेत का नाही घातलं? कर्जाचे कागद तिनं स्वतः वाचले असते.’ मी पुष्कळांकडून त्या पुस्तकावर भाषणं ऐकली. हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलेला मी ऐकला नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला आणि वस्तीशाळांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. तांड्यावर दोन खोल्या उभ्या राहिल्या, निंब तसाच ठेवून. राज्यभरच्या वस्तीशाळा शिक्षकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. आई एकदा मुंबईला आझाद मैदानावर जाऊन आली, पहिल्यांदाच मुंबई पाहिली ती तेवढीच. १ मार्च २०१४पासून ते सगळे नियमित शिक्षक झाले. आई तेव्हा छप्पन्न वर्षांची. पूर्ण पगाराची दोनच वर्षं तिला मिळाली. आधीची तेरा वर्षं निवृत्तिवेतनात धरली गेली नाहीत. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. निंबाखाली बसून ज्यांनी शाळा उभ्या केल्या त्यांची ती वर्षं सेवा नव्हती तर काय होतं?

२०१६ला ती घरी आली ती बसायला नाही. कृष्णापुरीतल्या आमच्या ओट्यावर बायकांचा एक वर्ग सुरू झाला. पाटी-पुस्तक नाही. ज्या कागदावर सही किंवा अंगठा द्यावा लागतो तो कागद घेऊन यायचा, आणि तो सगळ्यांनी मिळून वाचायचा. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, बचत गटाच्या कर्जाचा अर्ज, औषधाची चिठ्ठी, आणि अर्थात सातबारा. पहिल्या दिवशी एकजण म्हणाली, ‘बहिणाबाईंना तरी कुठं लिहिता येत होतं? अडलं का काही?’ जळगाव जिल्ह्यात हे उत्तर प्रत्येकीच्या जिभेवर तयार असतं. आई म्हणाली, ‘सोपानदेवांनी उतरवून घेतलं म्हणून ते राहिलं. तुमचं कोण उतरवून घेणार आहे?’ ती बाई दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली.

या वर्गाचा एकच नियम होता: न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि जिथून कागद आला तिथं जाऊन विचारायचं. एका बाईनं कर्जाचा अर्ज तसाच रेघा मारलेला परत नेला. ‘जामीनदाराची जबाबदारी’ म्हणजे नक्की काय ते समजावून द्या, तोवर सही नाही म्हणाली. समोरच्या माणसाला तासभर समजावावं लागलं. समजल्यावर तिनं जामीन राहायला नकार दिला. आई त्या दिवशी जितकी खूश होती तितकी बी.ए.च्या निकालालाही नव्हती.

२०२३च्या मार्गशीर्षात आई गेली. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. शेवटच्या महिन्यांत वर्ग ती खाटेवरून घ्यायची, आणि स्वतःचे तपासणीचे कागदच वाचायला द्यायची. क्रिअॅटिनिन किती, ते किती असायला हवं, मागच्या महिन्यापेक्षा वाढलं की कमी झालं. बायका वाचताना रडायच्या. ती म्हणायची, ‘आधी आकडा नीट वाचा.’

वर्ग बंद पडला नाही. वही घेऊन आलेली ती बाईच तो घेते. मी जळगावहून रविवारी गेले की मागे बसते. मागच्या वेळी वीजबिल घेतलं होतं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, एकेक रकाना बोट ठेवून. एका म्हातारीनं विचारलं, ती दोन महिने मुलीकडे होती, घरात दिवा लागला नाही, तरी स्थिर आकार कसा आला? ओट्यावर कोणाला नीट सांगता येईना. तिनं त्या शब्दाखाली रेघ मारली. सोमवारी तिघीजणी बिल घेऊन विचारायला जाणार आहेत.